हिटलर 'प्रेरणादायी' टेबलावरून हलवा : मराठी प्रकाशक आणि ग्रंथविक्रेत्यांना खुले पत्र

मराठी प्रकाशक, ग्रंथविक्रेते आणि पुस्तक प्रदर्शनांचे आयोजक यांस,

स.न.वि.वि.

यंदा आमच्या गावच्या पुस्तक प्रदर्शनात अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद 'तरुणांसाठी प्रेरणादायी' अशा पाटीखाली मांडला होता. एका बाजूला उद्योगपतींची चरित्रे, दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षेत यश मिळवून देणारी पुस्तके. स्टॉलवरच्या मुलाला मी विचारले, पोलंडमधल्या वॉर्साच्या घेटोतल्या, म्हणजे नाझींनी भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतल्या, ज्यूंनी १९४३ मध्ये उठाव केला, त्यावर मराठीत काही मिळेल का? त्याने मनापासून शोधले, कोणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, "काका, तसलं कोणी मागत नाही. हे मात्र वर्षभर जातं." त्या मुलाला मी बोल लावत नाही. पाटी त्याने लिहिली नव्हती. ज्यांनी लिहिली, ज्यांनी पुस्तक तशा वेष्टनात छापले आणि ज्यांनी ते दर्शनी टेबलावर ठेवले, त्या सर्वांसाठी हे पत्र आहे. कोणाचे नाव घेत नाही, कारण हेच चित्र मी अनेक शहरांत पाहत आलो आहे.

माझा यात संबंध काय, तेही सांगतो. मी रेल्वेच्या ऑपरेटिंग खात्यातून निवृत्त झालो. सुरुवात सहाय्यक स्टेशन मास्तर म्हणून, शेवट कंट्रोलमध्ये. माझे पहिले स्टेशन मास्तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू होते, रोह्याकडचे. घरात कोकणी वळणाची मराठी, शनिवार मोकळा मिळावा म्हणून इतरांच्या रविवारच्या ड्युट्या आपणहून घेणारे. पुढे ते मुलांकडे इस्रायलला गेले. त्यांनी मला एकदा सांगितले होते, युरोपातल्या ज्यूंना मारायला जी माणसे लागली त्यांत आपल्या खात्यातली पुष्कळ होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हातातल्या वेळापत्रकाच्या पलीकडे नजर टाकली नाही. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आलो. बहुतेक इंग्रजीत, कारण मराठीत फार थोडे आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या पाटीबद्दल आहे. ज्या माणसाच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्यांत जवळजवळ १५ लाख मुले, त्याच्याकडून तरुणांनी कोणती प्रेरणा घ्यायची? 'शिस्त', 'संघटन', 'वक्तृत्व' अशी उत्तरे मी व्याख्यानांत ऐकली आहेत. त्या शिस्तीचा उपयोग कशासाठी झाला ते रेल्वेच्या कागदांत सापडते, आणि ते कागद मला वाचता येतात.

जर्मन सरकारी रेल्वे, म्हणजे राइशबान, ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेण्याचे भाडे आकारत होती. माणसे कोंबलेली असायची मालगाडीच्या वाघिणींत, पण दर तिसऱ्या वर्गाचा, किलोमीटरला ४ फेनिग, म्हणजे जर्मन पैसे. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेच्या वर माणसे असली तर समूहासाठी निम्मी सवलत. ज्यूंचे तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचे मात्र जाऊन-येऊन. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात सुमारे पन्नास हजार ज्यू राहत होते. पंधराव्या शतकात स्पेनमधून हाकलले गेलेल्यांचे हे वंशज घरात अजून जुनी स्पॅनिश बोलत. १५ मार्च १९४३ ला तिथून पहिली गाडी सुटली, आणि ऑगस्टपर्यंत सुमारे ४६ हजार माणसे पोलंडमधल्या ऑशविट्झ मृत्युछावणीकडे रवाना झाली. निघण्यापूर्वी त्यांच्याकडचे ग्रीक पैसे घेऊन बदल्यात पोलिश चलनाच्या खोट्या पावत्या दिल्या, पोलंडमध्ये नवा संसार मांडायला म्हणून. त्या सगळ्या गाड्यांचे भाडे जवळजवळ २० लाख राइशमार्क झाले, आणि ते ज्यूंच्याच जप्त मालमत्तेतून वळते करायचे असे ठरले होते.

मी आयुष्यभर चार्टवर गाड्यांच्या रेघा ओढल्या. स्पेशल गाडी चालवायची म्हणजे काय काय लागते ते मला माहीत आहे : इंजिन, रेक, क्रू, मार्गातल्या प्रत्येक स्टेशनाला आधी गेलेली सूचना, रिकामा रेक परतायची वेळ. या गाड्यांचीही तशीच लेखी वेळापत्रके निघत, भरलेली जाणारी आणि रिकामी परतणारी. २८ जुलै १९४२ ला जर्मन वाहतूक मंत्रालयाचे सचिव अल्बर्ट गान्त्सेनम्युलर यांनी एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर याच्या कार्यालयातल्या कार्ल वोल्फला कळवले की २२ जुलैपासून वॉर्साहून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला रोज ५ हजार ज्यूंची एक गाडी सुटते आहे. वोल्फने उत्तरात विशेष आनंद कळवला. गान्त्सेनम्युलर यांच्यावर खटला उभा राहायला १९७३ उजाडले. तो त्यांच्या आजारपणामुळे थांबला, आणि ते १९९६ मध्ये म्हातारपणी वारले. तुमच्या टेबलावरची 'शिस्त' ती ही.

दुसरी तक्रार. हे पुस्तक विकताना एक समजूतही सोबत विकली जाते, की हिटलर इंग्रजांचा शत्रू म्हणजे आपला मित्र. विकणाऱ्यांनी निदान ते वाचावे. हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला मला आवडेल, असे त्याने त्याच पुस्तकात लिहिले आहे. १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले तेव्हा गांधीजींना गोळी घाला असा सल्ला त्याने दिला होता. मुखपृष्ठावर 'झुंजार राष्ट्रनेता' छापताना यातली एकही ओळ कुठे दिसत नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त लागते. आपल्याकडे ज्यूंचा उल्लेख होतो तो बहुधा एकाच वाक्यात : 'मेंढरांसारखे गेले, हातही उचलला नाही.' नाटकानंतरच्या गप्पांत, व्याख्यानांत, अगदी सहानुभूती असलेल्या लोकांच्या तोंडीसुद्धा. हे खरे नाही. आणि मराठी वाचकाला ते खरे वाटते, कारण दुसरी बाजू त्याच्यासमोर कोणी ठेवलीच नाही.

मुळात हा प्रश्न ज्यूंनाच का विचारला जातो? जर्मनांच्या कैदेत ३० लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक मेले, भुकेने, थंडीने, गोळ्यांनी. ते तरणेबांड, शिकवून तयार केलेले सैनिक होते. त्यांना मेंढरे कोणी म्हटले नाही. इथे तर म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, दोन वर्षे अर्धपोटी ठेवलेली कुटुंबे होती. वॉर्साच्या घेटोत चार लाखांवर माणसे भिंतीआड कोंडली होती. १९४२ च्या उन्हाळ्यात जाहीर झाले की जे आपणहून गाड्या भरायच्या यार्डात येतील त्यांना ३ किलो पाव आणि १ किलो जॅम मिळेल. पूर्वेकडे कामाला नेतो आहोत, असे सांगितले जात होते. घरात पोर भुकेने रडत असताना तो पाव नाकारणारा बाप मला दाखवा. घेटोच्या ज्यू परिषदेचे अध्यक्ष अ‍ॅडम चेर्नियाकोव्ह यांच्याकडे रोजची माणसे भरून द्यायची मागणी झाली, तेव्हा २३ जुलैला त्यांनी विष घेतले. अनाथाश्रम चालवणारे डॉक्टर यानुश कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचवण्याची संधी होती. ऑगस्टच्या सुरुवातीला ते सुमारे दोनशे मुलांबरोबर त्याच यार्डात चालत गेले आणि त्यांच्याबरोबरच वाघिणीत चढले. दोन महिन्यांत २ लाख ६५ हजारांच्या आसपास माणसे वॉर्साहून ट्रेब्लिंकाला गेली.

शंभर-एक किलोमीटरचे अंतर. तेवढ्यालाही कित्येकदा रात्र उलटायची, कारण इतर गाड्यांना वाट देऊन ही गाडी साइडिंगला उभी ठेवत. ऑगस्टचा उकाडा, वाघिणीला वरच्या बाजूला काटेरी तारेची एक झडप, पाणी नाही. छावणीच्या फलाटावर १९४२ च्या अखेरीस एक खोटे स्टेशन उभे केले : तिकीट खिडकी, बियालिस्टोककडे जाणाऱ्या गाडीची पाटी, आणि भिंतीवर रंगवलेले घड्याळ. अशा जागी उतरलेल्या माणसाला 'प्रतिकार का केला नाहीस' असे विचारणे मला तरी जमत नाही.

आणि तरीही प्रतिकार झाला. तोच मराठीत यावा, एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे.

लिथुआनियातल्या व्हिल्नाच्या घेटोत अब्बा कोव्हनर नावाच्या तेविशीतल्या तरुणाने ३१ डिसेंबर १९४१ च्या रात्री आपल्या साथीदारांपुढे जाहीरनामा वाचला. आपण मेंढरांसारखे कापले जायला जाऊ नये, हे वाक्य त्यातले. आज जो टोमणा म्हणून फेकला जातो तो मुळात लढ्याचा पुकारा होता. वॉर्सात जानेवारी १९४३ मध्ये जर्मन पुन्हा गाड्या भरायला आले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांत त्यांना मोहीम आवरती घ्यावी लागली. १९ एप्रिलला, वल्हांडण सणाच्या पूर्वसंध्येला, ते रणगाडे घेऊन परतले. समोर होते मोर्देखाय अनिएलेविच आणि त्याचे साथीदार, सगळे मिळून हजारांहूनही कमी, बहुतेक विशीतले. हाती पिस्तुले, थोड्या रायफली, घरी बनवलेले बॉम्ब. जर्मनांना घेटो इमारतींगणिक जाळत जावे लागले. जवळजवळ महिना गेला. अनिएलेविच ८ मे रोजी मिवा रस्त्यावरच्या १८ नंबरच्या तळघरात मेला, वय चोवीस. त्याचे साथीदार मारेक एडेलमन गटारातून बाहेर पडले, पुढे वूज शहरात हृदयरोगतज्ज्ञ झाले आणि २००९ पर्यंत जगले. पोलंड सोडून कुठेही न जाता, त्याच देशात राहून त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले. अशा माणसाचे चरित्र तुमच्या प्रेरणादायी टेबलावर का नाही?

त्याच १९ एप्रिलच्या रात्री बेल्जियममध्ये जे घडले ते तर मी रेल्वेच्या प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो. मेखेलनहून ऑशविट्झला निघालेली विसावी गाडी, आत १,६३१ माणसे. यूरा लिव्हशित्झ हा ज्यू डॉक्टर आणि त्याचे दोन मित्र, रोबेर मेस्त्रियो आणि जाँ फ्रँक्लमाँ, बोर्टमेरबेकजवळ रुळांवर थांबले होते. तिघांत मिळून एक पिस्तूल, एक पक्कड आणि एक कंदील. कंदिलाला लाल कागद लावून त्यांनी तो रुळांवर ठेवला. ड्रायव्हरने लाल पाहिला आणि गाडी उभी केली. जगातला कुठलाही ड्रायव्हर तेच करील. मेस्त्रियोने पकडीने एका वाघिणीचे दार उघडले, सतरा जण उतरून अंधारात गेले. गोळीबार सुरू झाला, गाडी हलली. पण आतल्या माणसांनी पुढच्या वाटेवर स्वतःच दारे आणि झडपा फोडल्या. एका नर्सने, रेजिन क्रोखमालने, सोबत लपवून आणलेल्या सुरीने झडपेचे गज कापले. एकूण दोनशेहून अधिक जणांनी धावत्या गाडीतून उड्या घेतल्या. काही गोळीला बळी पडले, काही पुन्हा पकडले गेले, निम्म्याच्या आसपास सुटले. त्यांत अकरा वर्षांचा सिमोन ग्रोनोव्स्की होता. आईने त्याला हात धरून पायरीवर उतरवले. तिला स्वतःला उडी घेता आली नाही. त्याला पकडून देण्याऐवजी यान आर्ट्स नावाच्या बेल्जियन पोलिसाने ब्रुसेल्सच्या वाटेला लावले. आई आणि बहीण ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. तो मुलगा पुढे ब्रुसेल्समध्ये वकील झाला आणि म्हातारपणी शाळाशाळांत जाऊन ही हकीकत सांगत राहिला. लिव्हशित्झला जर्मनांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये गोळी घातली.

ट्रेब्लिंकात २ ऑगस्ट १९४३ ला कैद्यांनी शस्त्रागाराच्या किल्लीची नक्कल करून हत्यारे काढली आणि छावणी पेटवली. सोबिबोरच्या मृत्युछावणीत १४ ऑक्टोबरला अलेक्झांडर पेचेर्स्की आणि लेऑन फेल्डहेंडलर यांनी आखलेल्या उठावात सुमारे तीनशे जण कुंपणाबाहेर पडले. ऑशविट्झ-बिर्केनाऊमध्ये ७ ऑक्टोबर १९४४ ला कैद्यांनी एक दाहगृह उद्ध्वस्त केले. त्यासाठीची स्फोटकाची दारू शस्त्रांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींनी चिमूटचिमूट करून बाहेर आणली होती. अला गेर्टनर, एस्तुशिया वाइट्सब्लूम, रेगिना साफिर्श्टाइन, आणि ती पुढे पोचवणारी रोझा रोबोता. चौघींना जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिले, छावणी मुक्त होण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी. रोझाचे हाल हाल केले, तरी बाहेर असलेल्या साथीदारांची नावे तिने सांगितली नाहीत.

आणि लढा म्हणजे फक्त बंदूक, असे तरी का मानायचे? इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम यांनी वॉर्साच्या घेटोत गुप्तपणे कागद जमवले : रोजनिशा, शाळेतल्या मुलांचे निबंध, रेशनकार्डे, ट्रेब्लिंकाहून निसटून आलेल्यांच्या जबान्या. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. एक भाग १९४६ मध्ये ढिगाऱ्याखाली सापडला, दुसरा १९५० मध्ये. तिसरा अजून सापडलेला नाही. रिंगेलब्लूम यांना १९४४ मध्ये गोळी घातली गेली. तो संग्रह १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिसंग्रहात घेतला. मराठीत त्याचे एक पानही मला कुठल्या दुकानात मिळाले नाही.

माझ्या खात्यातल्या एका माणसाबद्दलही सांगायलाच हवे. ट्रेब्लिंका गावच्या स्टेशनवर फ्रान्चिशेक झोम्बेत्स्की नावाचा पोलिश रेल्वे कर्मचारी गाड्यांची ये-जा बघत होता. तो पोलिश भूमिगत सेनेचा सदस्य होता. साठ-साठ वाघिणींची गाडी यायची, छावणीच्या फलाटावर वीसच मावायच्या, म्हणून वीस-वीसच्या तुकड्या शंटिंगने आत जायच्या. प्रत्येक वाघिणीवर आतल्या माणसांचा आकडा खडूने लिहिलेला असायचा. तो ते आकडे टिपत राहिला, आणि जर्मन कागद नष्ट करायला लागले तेव्हा काही बिल्ट्या चोरून लपवून ठेवल्या. छावणीतून कपडे भरून निघालेल्या वाघिणींच्या बिल्ट्याही त्यांत होत्या. पुढे डुसेलडॉर्फच्या न्यायालयात छावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल याच्याविरुद्ध त्याने साक्ष दिली. तेच स्टेशन, तेच कागद, तीच नोकरी. ऑपरेटिंगच्या प्रशिक्षणात या माणसाचे नाव शिकवले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

तुमच्याकडून येणारी उत्तरेही मला ठाऊक आहेत. मागणी आहे म्हणून छापतो, म्हणता. पण दुसरे काही कधी समोर ठेवलेच नाही तर मागणी येणार कुठून? अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मराठीत आली तेव्हा लोकांनी ती वाचलीच ना? मग अ‍ॅनला ज्या गाडीने ऑशविट्झला नेले तशा गाड्यांबद्दल वाचायलाही ते तयार असतील. कोणी म्हणतो, आपल्या बंगालच्या दुष्काळाचे काय? १९४३ मध्येच तिथे लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यावरही छापा, मी पहिला ग्राहक. कोणी आजच्या इस्रायल सरकारचा विषय काढतो. त्या सरकारच्या धोरणांवर ज्याला जी टीका करायची ती त्याने जरूर करावी. १९४३ मध्ये वाघिणीत कोंबलेल्या अकरा वर्षांच्या मुलाकडून त्याचा हिशोब मागता येत नाही.

नेदरलँड्सच्या रेल्वेने ज्यूंना वेस्टरबोर्क छावणीपर्यंत आणि पुढे सरहद्दीपर्यंत नेल्याबद्दल २००५ मध्ये माफी मागितली, आणि २०१९ मध्ये वाचलेल्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई देणे सुरू केले. साठ-सत्तर वर्षे उशीर झाला, पण एका संस्थेने आपला जुना हिशोब पुढ्यात घेऊन बसण्याची तयारी दाखवली. तुम्हाला तर कोणतीही भरपाई द्यायची नाही.

माझ्या मागण्या अशा :

बंदी मागत नाही. हिटलरचे पुस्तक विकायचे तर इतिहासाच्या कपाटात विका. 'प्रेरणादायी', 'व्यक्तिमत्त्व विकास', 'नेतृत्व' या पाट्यांखालून ते यंदाच्या दिवाळीपूर्वी हलवा.

पुढच्या आवृत्तीला अभ्यासकाची प्रस्तावना आणि टिपा जोडा. म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास टिपांसह दोन खंड काढले. तेवढे नको, पण खोटे कुठे आहे आणि त्याचा परिणाम काय झाला, हे वाचकाला कळेल एवढे तरी द्या. मलपृष्ठावरची स्तुती काढा आणि तिथे मेलेल्यांचा आकडा घाला.

रिंगेलब्लूम संग्रहातली निवडक पाने, वॉर्सा आणि ट्रेब्लिंकाच्या उठावातून वाचलेल्यांच्या आठवणी, थेसालोनिकीच्या ज्यूंची हकीकत, यांपैकी निदान दोन पुस्तके येत्या दोन वर्षांत मराठीत आणा. अनुवाद जाणकाराकडून करून घ्या, घाईने उरकू नका.

प्रदर्शनांच्या आयोजकांनी दर वर्षी १९ एप्रिलच्या आसपास या विषयाचे एक टेबल लावावे. अलिबागची इस्राएल आळी, पेण, रोहा, ठाणे, मुंबई इथे बेने इस्राएल कुटुंबे अजून आहेत, त्यांना सन्मानाने बोलवावे.

माझ्याकडून एवढे करीन. जो प्रकाशक यातले पहिले पुस्तक हाती घेईल त्याच्या शंभर प्रतींचे पैसे मी आगाऊ देईन, आणि त्या प्रती आमच्या विभागातल्या रेल्वे संस्थांच्या वाचनालयांना व शाळांना वाटीन. रेल्वेविषयीच्या तांत्रिक शब्दांसाठी अनुवादकाला मदत लागली तर विनामोबदला बसेन. तुमचे उत्तर, होकार असो की नकार, जाहीरपणे द्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त गाडी नियंत्रक, मनमाड